दप्तराबाहेर राहिलेल्या बायका

इतिहासातल्या कर्तबगार स्त्रिया म्हटलं की जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावं लगेच ओठांवर येतात. त्यांच्याविषयीचा आदर मनापासूनचा असतो, पण आपण तिथंच थांबतो. बाकीच्या बायका गप्प होत्या, असं मात्र मुळीच नव्हतं. त्यांनी भाषणं केली, ठराव केले, पुस्तकं छापली. ते जपण्यात आपण कमी पडलो.

मुक्ता साळवे ही पुण्यात जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी जेमतेम चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आम्हाला वेद वाचायची बंदी, तर मग आमचा धर्म तरी कोणता, असं ती त्यात थेट विचारते.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा ग्रंथ १८८२चा. त्याला निमित्त झालं सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेचं. बालहत्येबद्दल तिला फाशी फर्मावली गेली, पुढे ती शिक्षा सौम्य झाली. वर्तमानपत्रांना मात्र समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घ्यायला विषय मिळाला. ताराबाई चिडल्या. बायकांवरचा एकेक आरोप त्यांनी हातात घेतला आणि पुरुषांच्या पदरात घातला. पती देव असेल तर त्यानं देवासारखं वागावं. बायको गेली की तो लगेच दुसरी आणतो, मग विधवेनंच का सोसायचं? आजही वाचताना अंगावर काटा येतो. टीकेचा भडिमार झाला तेव्हा जोतीराव त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं. संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं १९७५मध्ये, म्हणजे तब्बल ९३ वर्षांनी!

आंबेडकरी चळवळीतल्या बायकांची गत याहून बिकट. त्यांच्यातल्या कितीतरी जणींना लिहिता येत नव्हतं. लेखिका उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या दारी गेल्या, त्यांच्या आठवणी उतरवून घेतल्या. त्यातून १९८९मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. माझ्या लेखी हे काम कुठल्याही स्मारकाहून मोठं आहे.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. हजारो बायका जमल्या. घटस्फोटाचा हक्क हवा, पुरुषाला एकाहून अधिक लग्नं करायला बंदी हवी, गिरणीत आणि विडीच्या कारखान्यात राबणाऱ्या बाईला भरपगारी रजा हवी, गिरणीत बायकांवर देखरेखीला बाईच हवी, असे ठराव झाले. घटस्फोट आणि एकपत्नीत्व मांडणारं हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं ते १९५१मध्ये, आणि हिंदू विवाह कायदा झाला १९५५मध्ये. घटस्फोट आणि द्विभार्याबंदी या कायद्यानं दिली, असं आपण शिकतो. नागपूरच्या त्या मांडवात हाताला विडीच्या तंबाखूचा वास असलेल्या बायकांनी हे दोन्ही तेरा वर्षं आधीच मागितलं होतं, हेही त्याच धड्यात यायला हवं.