धाप लागलेली कोंबडी : पारख, शुश्रूषा आणि लस

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कित्येक घरांच्या परसात चार-सहा गावरान कोंबड्या असतात. त्यांची देखभाल बहुधा घरातील स्त्रियाच करतात. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा हाती येतो. अंड्यांचा पैसा मात्र आठवडी बाजारास मीठमिरचीसाठी व मुलांच्या वह्यांसाठी उपयोगी पडतो. म्हणून कोंबडीस धाप लागणे ही क्षुल्लक गोष्ट मानू नये. एका कोंबडीचे दुखणे थोड्याच दिवसांत सारे खुराडे रिकामे करू शकते.

रोगाची पारख

एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी कोंबडी चोच उघडून धापा टाकते व पंख अंगापासून दूर धरते. कोंबडीस घाम येत नाही; श्वासावाटेच ती अंगातील उष्णता बाहेर टाकते. सावलीत ठेवून गार पाणी दिल्यावर ती लवकरच पूर्ववत झाली, तर तो रोग नव्हे. परंतु सकाळच्या गारव्यातही ती मान ताणून श्वास घेत असेल, किंवा रात्री खुराड्यातून घरघर ऐकू येत असेल, तर रोग आहे असे समजावे. त्याचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे :

(१) राणीखेत किंवा मानमोडी : धाप, हिरवट पातळ विष्ठा, लुळे पडलेले पाय व पंख, वाकडी झालेली मान ही याची लक्षणे होत. हा विषाणूजन्य रोग झपाट्याने पसरतो. त्यावर औषध नाही.

(२) जुनाट श्वसनरोग : नाक वाहते, डोळ्यांत फेस येतो, घरघर आठवडेच्या आठवडे राहते. कोंडलेल्या व ओल्या विष्ठेचा उग्र वास सुटलेल्या खुराड्यात हा बळावतो.

(३) बुरशीचा रोग : बुरसलेले धान्य किंवा ओला भुसा यांमुळे होतो. यात विशेषतः पिले आवाज न करता धापा टाकतात.

(४) देवी : तुऱ्यावर फोड येतात; कधी तोंडात पिवळसर थर जमून श्वास अडतो.

तातडीची शुश्रूषा

आजारी कोंबडी त्याच क्षणी निराळ्या डालग्याखाली, हवेशीर पण वारा न लागणाऱ्या जागी ठेवावी. स्वच्छ पाणी व मऊ खाद्य द्यावे. तिचे भांडे इतरांस वापरू नये. प्रथम निरोगी कोंबड्यांचे काम उरकावे, मग आजारी कोंबडीकडे जावे व नंतर हातपाय साबणाने धुवावेत. तेल किंवा कोणतेही औषध बळाने चोचीत ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन कोंबडी दगावते. जुनाट श्वसनरोगावर प्रतिजैविक औषधे चालतात. पण ती पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत व त्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत अंडी खाऊ नयेत.

मरण्यापूर्वी चार पैसे मिळावेत म्हणून आजारी कोंबडी बाजारात विकण्याची किंवा कापण्याची चाल आहे. ती सोडली पाहिजे, कारण त्या एका पाटीतून रोग चार गावांत जातो.

मरतूक झाल्यास

राणीखेत व बर्ड फ्लू यांतील फरक केवळ डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यास प्रयोगशाळेची तपासणी लागते. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या मेल्या व तपासणीत बर्ड फ्लू निघाला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात मेलेल्या कावळ्यांतही तोच रोग आढळला. म्हणून एकाएकी अनेक कोंबड्या मेल्यास किंवा तुरे निळे पडल्यास, त्या उघड्या हातांनी उचलू नयेत, नाल्यात टाकू नयेत व कुत्र्यांपुढेही टाकू नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

लस हाच खरा उपाय

राणीखेतपासून बचाव लसीनेच होतो. पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास ती पुन्हा देतात. आठव्या आठवड्यात आर-२-बी लस अर्धा मिलिलिटर, पंखाजवळ कातडीखाली टोचतात. लस बर्फातच आणावी, सावलीत कालवावी व कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवावी. आजारी पक्ष्यास ती देऊ नये.

एका कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात. चार कोंबड्यांसाठी कुपी फोडणे परवडत नाही, म्हणून लस राहून जाते. यावर तोडगा सोपा आहे. पशुसखी व ग्रामकार्यकर्त्यांनी आळीतील कोंबड्यांची यादी करावी, दवाखान्याशी दिवस ठरवावा व पहाटे कोंबड्या मोकळ्या सोडण्यापूर्वी साऱ्या आळीस एकदम लस द्यावी. एकट्या घराची कोंबडी एकट्याने वाचत नाही. शेजारची वाचली तरच आपली वाचते.