अमीनपूरच्या पक्ष्यांसाठी हलकी टेलिफोटो

हैदराबादच्या अमीनपूर तलावाला २०१६ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात इथे रोहित पक्षी येतात. खडकाळ काठावर ट्रायपॉड मांडेपर्यंत थवा उडून जातो, म्हणून लेन्स हातात धरून वापरता येणारीच हवी.

१५०-६०० झूम पल्ल्याला उत्तम, पण साधारण दोन किलोंची. डोळ्याला लावून वाट पाहत राहिलं की मनगट भरून येतं आणि नेमका पक्षी झेपावतो तेव्हा फ्रेम हलते. कॅननची आरएफ १००-४०० केवळ ६३५ ग्रॅमची. मात्र ४०० वर तिचं अॅपर्चर एफ/८, त्यामुळे पहाटे आयएसओ बराच चढवावा लागतो. निकॉनच्या ५०० एफ/५.६ पीएफमध्ये फेज फ्रेनेल भिंग आहे. त्यामुळेच ५०० मिमी असूनही वजन १,४६० ग्रॅमवर थांबतं. बजेट असेल तर माझी पसंती हिलाच, झूम नसली तरी!

आणि स्टॅबिलायझर फक्त हाताची थरथर सावरतो, पंखांची फडफड नाही. उडत्या पक्ष्यासाठी शटर १/२००० च्या आसपास ठेवा.

ऑनलाइन मागवण्याआधी दुकानात जा, लेन्स आपल्याच कॅमेऱ्यावर चढवून पाच मिनिटं डोळ्याला लावून धरा, मगच पैसे मोजा.