ममादचे दार लावल्यावर वायफाय का नाहीसे होते?

इस्रायलमधील नव्या घरांत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच वाचकांचा अनुभव असा असेल की, दिवाणखान्यात उत्तम चालणारे वायफाय ममादचे दार लावताच क्षीण होते व कित्येकदा पार नाहीसे होते. एरवी ही किरकोळ गैरसोय म्हणून सोडून देता आली असती. परंतु जून २०२५ मध्ये इराणशी झालेल्या बारा दिवसांच्या युद्धात असंख्य कुटुंबांनी रात्रीमागून रात्री याच खोलीत काढल्या. मुंबई-अलिबागेकडील आप्त काळजीने फोन लावीत असता येथून उत्तर न जावे, आणि बाहेर पडण्यास हरकत नाही ही सूचनाही आत न पोचावी, ही स्थिती बरी नव्हे.

दोष राउटरचा क्वचितच असतो. १९९१ च्या आखाती युद्धात इराकी क्षेपणास्त्रे पडल्यानंतर नव्या घरांत ममाद बांधणे कायद्याने आवश्यक झाले. त्याच्या भिंती २० ते ४० सेंटिमीटर जाडीच्या, आत लोखंडी सळ्यांचे जाळे. दार व खिडकीची झडप पोलादी. स्फोट थोपविणारी भिंत रेडिओलहरींनाही थोपविते, यात नवल ते काय! वायफायच्या दोन मुख्य पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान खरी, पण भिंतीत ती लवकर शोषली जाते, २.४ गिगाहर्ट्झची मंद असली तरी अधिक आत शिरते. म्हणून ममादमध्ये फोन दुसऱ्या पट्टीवर जोडून पाहावा.

राउटर बहुधा बसविणाऱ्याने ठेवला तेथेच, टीव्हीच्या मागे किंवा पत्र्याच्या पेटीत, वर्षानुवर्षे पडून असतो. तो उघड्यावर, उंच जागी, ममादच्या बाजूस आणावा. मायक्रोवेव्हजवळ ठेवू नये. मग दार व खिडकी पूर्ण लावून परीक्षा घ्यावी. दार उघडे ठेवून घेतलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे.

पुष्कळ लोक बाजारातून रिपीटर आणून ममादमध्ये लावतात. हा खर्च बहुधा वाया जातो. जो संदेश त्याच्यापर्यंत धड पोचतच नाही, तो त्याने पुढे कसा पाठवावा? बाहेर लावला तर त्याच्याही लहरींना तीच भिंत आडवी येते. खरा उपाय तारेचा. अनेक ममादांत टीव्ही किंवा टेलिफोनचे सॉकेट व त्यामागे नळी असते. तिच्यातून जाणकाराकडून नेटवर्कची केबल ओढून घ्यावी व आत दुसरा छोटा राउटर जोडावा. शंभर मीटरपर्यंत अशी केबल चांगले काम देते. नळी नसल्यास घरातील विजेच्या तारांतूनच इंटरनेट नेणारी उपकरणांची जोडी मिळते. तिची चाल मात्र घराच्या वायरिंगवर अवलंबून असते. काही झाले तरी भिंतीला स्वतः आरपार भोक पाडू नये, वा दाराखालून केबल नेऊ नये. दार घट्ट बसले नाही तर ममाद ममाद राहत नाही.

वीज गेल्यास राउटर व फायबरची पेटी दोन्ही बंद पडतात, तेव्हा त्यांस छोटी यूपीएस जोडावी. मोबाईलची रेंजही आत कमी पडते. त्यासाठी फोनमधील ‘वायफाय कॉलिंग’ची सोय वडीलधाऱ्यांच्या फोनवर नातवंडांनी आधीच सुरू करून द्यावी. सेलवर चालणारा रेडिओ मात्र ममादमधून हलवू नये.