जांभळी काच: भट्टीची, उन्हाची की दिव्याची?

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला गेलेले आपण शनिवारी सकाळी गॅरेज सेल बघायला निघालात, तर एक वस्तू हमखास दिसेल: फिक्या जांभळ्या काचेची बाटली, मिठाची छोटी वाटी, नाहीतर तारेच्या खांबावरचा काचेचा इन्सुलेटर. इन्सुलेटर म्हणजे तार खांबाला थेट टेकू नये म्हणून बसवलेली काचेची टोपी. विकणारा सांगतो, शंभर वर्षांची आहे, उन्हाने रंगली आहे. किंमत साध्या पांढऱ्या काचेच्या कितीतरी पट. त्याचं म्हणणं खरं असू शकतं. पण तो रंग मागच्या महिन्यात चढवलेला असण्याची शक्यताही तेवढीच आहे.

आधी हा रंग येतो कुठून ते पाहू. काच वाळूपासून बनते आणि वाळूत थोडं लोह असतंच. त्यामुळे काचेला हिरवट झाक येते. ती घालवण्यासाठी कारखानदार मँगनीज डायऑक्साइड मिसळत. पांढऱ्या कपड्याचा पिवळेपणा मारायला आपण नीळ घालतो, तशातलाच हा प्रकार. अमेरिकेत ही पद्धत साधारण 1880 ते 1920 या काळात जोरात होती. पुढे मँगनीजच्या जागी मुख्यतः सेलेनियम आलं.

मँगनीजवाली काच ऊन खात राहिली, की उन्हातल्या अतिनील किरणांनी (डोळ्यांना न दिसणारे, जांभळ्याच्या पलीकडचे किरण) त्यातल्या मँगनीजची रासायनिक अवस्था बदलते आणि काच जांभळी होते. मायकेल फॅरेडेने 1825 मध्येच यावर टिपण लिहिलं होतं. बोस्टनच्या बीकन हिल भागातल्या काही जुन्या घरांच्या जांभळ्या तावदानांमागेही मँगनीज आणि ऊनच आहे. सेलेनियमवाली काच उन्हात जांभळी होत नाही. झालीच तर वाळल्या गवतासारखी पिवळसर होते.

आता वस्तू हातात घ्या. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली रंगाबद्दल काहीही ठरवू नका. दारापाशी या, मागे पांढरा कागद धरा आणि दिवसाच्या उजेडात बघा. उन्हाचा रंग सहसा फिका असतो, पाण्यात जांभळाचा एक थेंब पडल्यासारखा. जिथे काच जाड, तिथे तो गडद दिसतो. वाळवंटातल्या जुन्या खाणवस्त्यांजवळ अर्धवट पुरलेल्या बाटल्यांची उघडी बाजू जास्त रंगलेली आणि मातीतली फिकी, असंही सापडतं. असा असमानपणा दिसला तर ती चांगली खूण समजावी.

गडद, झगझगीत आणि बुडापासून तोंडापर्यंत एकसारखा जांभळा दिसला की थांबा. त्याची कारणं तीन असू शकतात आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

पहिलं कारण निर्दोष आहे. काच भट्टीतच जांभळी बनवलेली असते. 1960 च्या दशकातली हेझल वेअरची मोरोक्कन ॲमेथिस्ट नावाची भांडी अशीच. ती खोटी नव्हेत. मात्र कुणी ती उन्हाने रंगलेली म्हणून विकत असेल, तर त्या माणसाकडून दुसरं काहीही घेताना सावध राहा.

दुसरं कारण म्हणजे वरून दिलेला रंग. काच आतून पांढरी, पृष्ठभागावर पातळ थर. हे ओळखणं सर्वांत सोपं. काठावर एखादा टवका उडालेला असेल तर तिथे भिंग लावा. टवक्याच्या आत काच पांढरी आणि भोवती जांभळी दिसली, तर विषय संपला. टवका नसेल तर बूड बघा. टेबलावर घासून घासून तिथला थर आधी जातो. विक्रेत्याची परवानगी घेऊन, बुडाच्या कोपऱ्यात, नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनचा बोळा फिरवला तर स्वस्त रंग कापसावर उतरतो. सोनेरी नक्षी किंवा जुनं रंगकाम असलेल्या भांड्यावर हा प्रयोग अजिबात करू नये. जुन्या काळी काही भांडी कारखान्यातूनच थंड (भट्टीत न भाजलेला) रंग लावून निघत, आणि तो रंग पुसला तर वस्तूची किंमतही पुसली जाते.

तिसरं कारण सर्वांत चिवट. काच खरोखर जुनी, मँगनीजही खरं, पण उन्हाऐवजी ती जंतुनाशक अतिनील दिव्याखाली ठेवलेली असते, नाहीतर गॅमा किरणांतून काढलेली असते. हे तेच किरण, जे नाशिक जिल्ह्यात लासलगावच्या केंद्रात निर्यातीच्या आंब्यांवर सोडतात. आंबा त्यामुळे किरणोत्सारी होत नाही, तशी काचही होत नाही, तेव्हा घरात ठेवायला भीती नाही. प्रश्न फसवणुकीचा आहे. जंतुनाशक दिव्याचा खेळ मात्र घरी कुणी करू नये. त्याने डोळे आणि कातडी भाजते.

गॅमा किरण काचेच्या आरपार जातात. म्हणून रंग सगळीकडे सारखा आणि बऱ्याचदा अवाजवी गडद येतो. नव्या, मँगनीज नसलेल्या काचेवर हाच प्रयोग केला तर ती तपकिरी किंवा धुरकट होते. पांढऱ्या म्हणून माहीत असलेल्या इन्सुलेटरचा विचित्र तपकिरी नग दिसला, तर आधी हा संशय घ्यावा. पण सौम्यपणे, थोडाच वेळ दिव्याखाली ठेवलेली काच आणि उन्हात रंगलेली काच यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, कारण दोन्हींत घडतं ते एकच. कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो अंदाजच समजा.

म्हणून रंग बाजूला ठेवून वस्तूचं वय तपासावं. बाटलीच्या अंगावर साच्याच्या दोन अर्ध्यांमधली शिवण बोटाने चाचपा. ती रेघ तोंडाच्या खालीच विरली असेल, तर तोंड बहुधा हाताने घडवलेलं, म्हणजे बाटली जुनी. रेघ थेट ओठावरून पलीकडे गेली असेल, तर बाटली यंत्रावरची. मायकेल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र 1903 मध्ये आलं, आणि सुरुवातीच्या यंत्रबाटल्यांतही मँगनीज होतंच, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका.

अक्षरं मात्र पुष्कळ सांगतात. 1935 ते 1964 या काळात अमेरिकेतल्या दारूच्या बाटल्यांवर, ही बाटली विकायला किंवा पुन्हा वापरायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य साच्यातच उठवलेलं असे. असं वाक्य असलेली बाटली जांभळी दिसली, तर ऊन त्याचं कारण नाही हे जवळजवळ नक्की.

मग अतिनील टॉर्च. 365 नॅनोमीटरचा घ्यावा. स्वस्तातले 395 वाले इतका जांभळा उजेड टाकतात, की काच उजळते आहे की टॉर्च, तेच कळत नाही. अंधारात धरल्यावर मँगनीजची काच मंद हिरवट उजळते. युरेनियम घातलेली काच मात्र डोळ्यांत भरेल अशी झगझगीत हिरवी पेटते. मँगनीजची मंद झाक पाहून काच युरेनियमची आहे असं समजून दुप्पट पैसे मोजणारे पुष्कळ भेटतात. आणि टॉर्चने मँगनीज आहे एवढंच कळतं. रंग उन्हाने चढवला की दिव्याने, ते नाही.

जाता जाता साच्यांबद्दल. रंग खरा असूनही वर्ष खोटं असू शकतं. फेडरल ग्लास कंपनीची माद्रिद नक्षी 1930 च्या दशकातली. 1976 मध्ये त्याच कंपनीने ती अंबर रंगात पुन्हा काढली आणि साच्यात 76 हा अंक घातला. पुढे साचे इंडियाना ग्लासकडे गेले आणि तो अंक नाहीसा झाला. तेव्हा माद्रिदचं ताट घेताना अंक नाही म्हणून जुनं, असं गृहीत धरू नये.

खरेदी ठरलीच तर पावतीवर ‘रंग नैसर्गिक’ असं लिहून मागा. प्रामाणिक विक्रेता एक तर लिहून देतो, नाहीतर ‘मला माहीत नाही’ म्हणून किंमत उतरवतो. बाटल्या आणि इन्सुलेटर जमवणाऱ्यांत किरणांनी रंगवलेला नग बदललेला मानला जातो, आणि पुढे विकताना तसं सांगणं अपेक्षित असतं.

घरात असलेली पांढरी जुनी काच खिडकीत ठेवून आपणच जांभळी करावी, असा मोह होईल. काही महिने-वर्षांत ती होईलही, पण पुन्हा पांढरी हवी असेल तर जवळजवळ 450 अंश सेल्सिअसला तापवून सावकाश निववावी लागते. घरचा ओव्हन तिथवर जात नाही, आणि घाईने तापवलेली जुनी काच तडकते.