छावणीचे रक्षण कोणापासून?

जठारपेठेतून सिंधी कॅम्पाकडे जाताना 'कॅम्प' हा शब्द आज कोणाला खटकत नाही. फाळणीच्या निर्वासितांची ती वस्ती. छावणी सुखरूप राहिली की तिचे गाव होते. सगळ्यांच्याच वाट्याला ते आले नाही.

४ मे १९७८ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने अंगोलातील कासिंगा येथे नामिबियन निर्वासितांच्या छावणीवर हल्ला केला. सहाशेच्या वर माणसे मेली. तो लष्करी तळ होता, असे हल्लेखोर म्हणाले. १९८२ साली बैरुतमध्ये साब्रा-शातिला घडले. अशा हल्ल्यांवरून जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक कार्यकारी समितीत वाटाघाटी चालल्या आणि वर्षानुवर्षे एका मुद्द्यावर अडल्या. निषेध बिनशर्त करायचा, की छावणीत हत्यारबंद माणूस नसेल तरच? अखेर १९८७ साली निषेधाचा ठराव निघाला. बंधन मात्र कोणावरच नाही.

आमचा सवाल पुढचा आहे. छावणीवर चाल करणारे आपलेच सरकार असेल तर?

जोगेंद्रनाथ मंडलांनी १९४६ साली बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेत पाठवण्यासाठी जिवाचे रान केले. त्या मंडलांचा नामशूद्र समाज फाळणीत उद्ध्वस्त झाला, रायपूरजवळच्या माना छावणीत आणि दंडकारण्यात नेऊन टाकला गेला. काही कुटुंबे आपल्या गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडे वसली. १९७८ साली दंडकारण्यातले हजारो लोक सुंदरबनातील मरिचझापी बेटावर गेले. सरकारचा पैसा न घेता त्यांनी शाळा उभारली, दवाखाना उभारला. जानेवारी १९७९ मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली. अन्नपाणी तोडले, गोळीबार केला, मे महिन्यात झोपड्या जाळून बेट रिकामे केले. कासिंग्यात 'तळ' म्हटले, इथे 'राखीव जंगल' म्हटले. सरकारने दोन मृत्यू मान्य केले. वाचलेले लोक शेकडो सांगतात. आणि विरोधात असताना, निर्वासितांना बंगालमध्येच वसवा, अशी मागणी करणारे हेच डावे होते!

बाबासाहेबांना हे नवे वाटले नसते. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांनी नेहरूंना पत्र लिहून कळवले होते, की छावण्यांतले अधिकारी भेदभाव करतात म्हणून अस्पृश्य निर्वासित तिथे राहत नाहीत, आणि छावणीत नाहीत म्हणून त्यांना रेशनही मिळत नाही.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. तरी १९९५ पासून तो जिनिव्हाच्या त्याच समितीत बसतो. मरिचझापीबद्दल आजवर एकालाही शिक्षा झालेली नाही.