एकांतातील वृद्ध तपस्विनी

भाद्रपद शुद्ध द्वितीया हा श्रीचक्रधर स्वामींचा अवतरणदिन. घरोघरी हरितालिका व गणेशचतुर्थी यांची लगबग सुरू असतानाच हा मंगलदिन येतो. या पर्वकाळी जालना जिल्ह्यातील एका पुण्यस्थानाचे व तेथील परंपरेने जपलेल्या साधनेचे आम्ही स्मरण करीत आहोत.

भोकरदन तालुक्यातील जयदेववाडी येथील ‘जाळीचा देव’ हे महानुभाव पंथाचे तीर्थक्षेत्र होय. जाळी म्हणजे दाट झुडुपांचे रान. तेराव्या शतकात स्वामींनी या रानात वाघिणीच्या पिलांना प्रेमाने खेळविले, अशी पंथीयांची श्रद्धा आहे. जेथे एकट्याने पाऊल टाकण्यास मन कचरते तेथे निर्भयपणे रमणाऱ्या या सद्गुरूंनी शिष्यांनाही एकांताचाच मार्ग दाखविला. वस्तीपासून दूर, झाडातळी बसून ईश्वराचे स्मरण करणे यास पंथात ‘विजन’ म्हणतात. भिक्षा, अटन व विजन ही संन्यस्तांची चर्या.

विशेष हे की, संन्यासाचा हा अधिकार स्वामींनी स्त्रियांनाही दिला. मासिक धर्माचा विटाळ उपासनेच्या आड येऊ दिला नाही. आद्य मराठी कवयित्री म्हणून गौरविली जाणारी, ‘धवळे’ रचणारी महदाइसा ही त्यांचीच शिष्या. ती विधवा होती. संसाराने एकटी पाडलेली स्त्री आणि देवासाठी एकांत पत्करणारी स्त्री, यांत केवढे अंतर आहे!

स्वामींच्या पश्चात पंथाची धुरा नागदेवाचार्यांनी वाहिली. केशिराजबास हे त्यांचे संस्कृतज्ञ शिष्य. त्यांच्या संस्कृत ग्रंथरचनेस आचार्यांनी आवर घातला. तिच्यामुळे आपल्या म्हाताऱ्या साधक स्त्रिया ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता होती. ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात ही हकीकत आली आहे. 2024 साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा लाभला. त्या भाग्याच्या मुळाशी या निरक्षर वृद्धांची प्रार्थनाही आहे, हे आपण विसरू नये.

आजही पंथाच्या आश्रमांत वयोवृद्ध तपस्विनी नामस्मरणात दिवस कंठतात. शरीर थकते, अटन थांबते. स्मरण मात्र थांबत नाही. आपल्या घरातील आजीही देवघरापाशी माळ ओढीत बसलेली असते. तिला अडगळीत टाकणे हा अधर्म होय. तिच्या एकांताचा मान राखणे, आणि तिला सोबत हवी असेल तेव्हा तिच्यापाशी बसणे, हीही पूजाच. सणाच्या गडबडीत तिच्या भाषेत, तिच्या कानी पडेल अशा स्वरात घरातील आरती व्हावी, हीच आमची प्रार्थना.