जीर्णोद्धार आणि सुधारणा : माझदा आरएक्स-७ चे सस्पेन्शन

'जीर्णोद्धार' आणि 'सुधारणा' हे शब्द व्यवहारात पुष्कळदा एकमेकांच्या जागी योजले जातात. वस्तुतः पहिल्याचा अर्थ मूळ रूपाची पुनःस्थापना, तर दुसऱ्याचा अर्थ मूळ रूपातच बदल, असा आहे. जपानच्या माझदा कंपनीने १९८५ मध्ये आणलेल्या दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ या मोटारीच्या सस्पेन्शनचे उदाहरण घेतल्यास हा भेद स्पष्ट होतो.

या गाडीच्या रोटरी इंजिनात वर-खाली होणारे दट्टे नसून प्रत्येकी ६५४ घन सेंटिमीटरचे दोन रोटर आहेत. असे इंजिन आटोपशीर असल्याने ते पुढील आसाच्या मागे बसते व पुढच्या आणि मागच्या चाकांवर भार जवळजवळ समान पडतो. त्यामुळे मागील चाकांच्या दिशेत पडलेला अल्प फरकही चालकास तत्काळ जाणवतो.

नेमक्या याच ठिकाणी अभियंत्यांनी एक युक्ती योजली. मागील चाकाचा हब भुजेला सर्वस्वी पक्का न जखडता तेथे एक विशिष्ट रबरी बुश ठेवले. वळणावर पार्श्वबल थोडे असता चाके किंचित बाहेर वळतात व गाडी चटकन वळण घेते. बल वाढले की ती आत वळतात व गाडी स्थिर राहते. तात्पर्य, येथील लवचिकपणा हेतुपुरस्सर आहे.

कालांतराने रबर कडक होते, चिरते, आणि लवचिकपणाची जागा ढिलेपणा घेतो. शर्यतीचे शौकीन तेथे धातूचे ताठ बुश बसवितात. त्यायोगे गाडीचे वर्तन अधिक निश्चित होते. परंतु मूळ युक्ती मात्र नाहीशी होते. ही सुधारणा होय, जीर्णोद्धार नव्हे.

जीर्णोद्धार करणाऱ्यानेही एक पथ्य पाळावे. भुजांच्या रबरी बुशांचे बोल्ट चाके अधांतरी असताना अखेरचे आवळू नयेत. तसे केल्यास गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते. त्याचप्रमाणे आखूड स्प्रिंगांनी गाडी खाली बसविल्यास मागील चाकांचे माथे आत झुकतात व टायरची आतील कड झिजते. म्हणून शेवटी चाकांचे कोन मोजून जुळविणे अवश्य ठरते.

सारांश, कोणताही भाग बदलण्यापूर्वी त्यातील हालचाल निर्मात्याच्या योजनेतील आहे की जीर्णतेतून उद्भवलेली आहे, याचा निर्णय प्रथम व्हावयास हवा.